खाटेवरून आखलेली इमारत

आपल्या आजी-आजोबांच्या बोलण्यात 'हवापालट' हा शब्द हमखास येत असे. घरात कुणाचा ताप हटत नसला, खोकला महिनोन्‌महिने रेंगाळला, अंग झडत चालले, की सगळे उपाय थकल्यावर डॉक्टरांचा शेवटचा सल्ला हाच असे. ऐपत असलेले लोक पाचगणीला जात. मिरजेला जाणारेही पुष्कळ होते. आमच्या हैदराबादकडच्या रुग्णांसाठी विकाराबादजवळचा अनंतगिरीचा डोंगर होता. आपल्या शहरातून वाहणारी मुसी जिथे उगम पावते, त्याच डोंगरातल्या झाडीत क्षयरोग्यांचे सॅनेटोरियम उभे राहिले.

आज हवापालट हा शब्द मागे पडला आहे. त्याच्या जागी 'वेलनेस' आला आहे. शहराबाहेर पडले की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फलक दिसतात. कुठे निसर्गाच्या कुशीतले वेलनेस सेंटर, कुठे डोंगरउतारावरचा वेलनेस रिसॉर्ट. आत जाऊन पाहावे तर जेसीबी लावून जमीन सपाट केलेली असते, मूळचे खडक सुरुंगाने फोडलेले असतात, जुनी झाडे तोडून बाहेरून आणलेली शोभेची झाडे रांगेत लावलेली असतात आणि दर्शनी भिंतीवर दगडासारख्या दिसणाऱ्या टाइल्स बसवलेल्या असतात. निसर्ग आधी घालवायचा आणि मग त्याचे चित्र भिंतीवर चिकटवायचे, असा हा प्रकार.

मी डिप्लोमा झालेला सिव्हिल इंजिनियर. राज्य सरकारच्या बांधकामांवर वीसएक वर्षे काढली आहेत. त्यामुळे दोन प्रश्न मला नेहमी पडतात. निसर्गाकडे पाहून इमारत आखायची म्हणजे नेमके काय करायचे? आणि अशी इमारत आजारी माणसाला खरोखर बरे करते का? या प्रश्नांची उत्तरे मला फिनलंडमधल्या एका जुन्या सॅनेटोरियमच्या इतिहासात सापडली. गंमत म्हणजे त्या इतिहासाचा महत्त्वाचा एक अध्याय आपल्या मद्रासमध्ये लिहिला गेला. स्मरणिकेच्या वाचकांना ती हकिकत आवडेल असे वाटते, म्हणून हा लेखनप्रपंच.

औषध नसलेला रोग

क्षयरोग आपल्याला नवा नाही. चरकसंहितेत त्याचे वर्णन 'राजयक्ष्मा' या नावाने आहे. दक्षाच्या शापाने चंद्राला हाच रोग जडला आणि तो क्षीण होत गेला, ही कथा आपण लहानपणी ऐकलेली असते. एकोणिसाव्या शतकात गिरण्या वाढल्या, शहरे दाटली आणि जगभर या रोगाने थैमान घातले. मराठी माणसाला यातले सर्वांत दुःखद उदाहरण ठाऊक आहे. डॉ. आनंदीबाई जोशी 1886 मध्ये अमेरिकेत वैद्यकीची पदवी घेऊन परतल्या त्या क्षयाने पोखरलेल्या देहानिशी. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांना बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

त्याच्या पाच वर्षे आधी, 24 मार्च 1882 रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी या रोगाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले होते. शत्रू कोण ते कळले, पण त्याला मारायचे कसे ते कळायला आणखी साठ वर्षे लागली. या साठ वर्षांत डॉक्टरांच्या हाती काय होते? विश्रांती, चांगला आहार, स्वच्छ हवा आणि ऊन. हेरमान ब्रेमर नावाच्या जर्मन डॉक्टरने 1850 नंतरच्या दशकात सायलेशियाच्या डोंगरात ग्योर्बर्सडॉर्फ या गावी असे उपचारगृह काढले होते. तोच नमुना पुढे युरोपभर पसरला. स्वित्झर्लंडमधले दाव्होस तर सॅनेटोरियमांचेच गाव झाले.

आपल्याकडेही ही लाट आली. पाचगणीला डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी 1912 मध्ये बेल एअर सॅनेटोरियम सुरू केले. मिरजेच्या विल्यम वानलेस डॉक्टरांनी 1920 मध्ये क्षयरोग्यांसाठी वेगळे आरोग्यधाम काढले. वानलेसवाडी हे नाव त्यांच्यावरूनच पडले. गणिती रामानुजन इंग्लंडमध्ये असताना त्यांच्यावर क्षयाचे निदान झाले आणि त्यांना तिथल्या सॅनेटोरियममध्ये ठेवले होते. कमला नेहरूंवर भोवालीच्या सॅनेटोरियममध्ये आणि पुढे युरोपात उपचार झाले. 1936 मध्ये लोझान येथे त्यांचे निधन झाले.

म्हणजे त्या काळी औषधाच्या बाटलीची जागा इमारतीने घेतलेली होती. खिडकी किती मोठी, सज्जा कोणत्या दिशेला, वारा कुठून येतो, हे प्रश्न डॉक्टरांच्या दृष्टीने उपचाराचे प्रश्न होते. अशा वेळी इमारत आखणाऱ्याची जबाबदारी किती मोठी होती, ते लक्षात येईल.

मोजणीदाराचा मुलगा

फिनलंड हा उत्तर युरोपातला जंगलांचा आणि तळ्यांचा देश. 1917 मध्ये तो रशियापासून स्वतंत्र झाला आणि लगेच 1918 मध्ये तिथे यादवी युद्ध पेटले. गरीब आणि नुकत्याच स्वतंत्र झालेल्या या देशात क्षयाने मरणाऱ्यांची संख्या फार मोठी होती. देशाच्या नैर्ऋत्य भागातल्या गावांनी आणि नगरपालिकांनी एकत्र येऊन एक मोठे सॅनेटोरियम बांधायचे ठरवले. खर्च सगळ्यांनी वाटून घ्यायचा होता. जागा ठरली ती तुर्कू शहरापासून सुमारे 30 किलोमीटरवर, पाइमियो गावाजवळच्या पाइनच्या जंगलात. आराखड्यासाठी स्पर्धा जाहीर झाली आणि 1929 मध्ये ती आल्वार आल्टो या तरुणाने जिंकली.

आल्टोचा जन्म 1898 चा, म्हणजे तेव्हा तो अवघ्या तीस-एकतीस वर्षांचा होता. त्याचे वडील जमिनीची मोजणी करणारे सरकारी मोजणीदार होते. घरातल्या मोठ्या टेबलावर नकाशे पसरलेले असत आणि त्या टेबलाच्या आसपास त्याचे बालपण गेले. नदी कुठून वळते, चढ कुठे आहे, जंगल कुठे संपते, हे कागदावर वाचायची सवय त्याला लहानपणापासून होती. आपल्याकडे भूमापन खात्यात काम केलेल्यांच्या मुलांना ही गोष्ट चटकन समजेल. पत्नी आइनो हीसुद्धा वास्तुविशारद होती आणि दोघे मिळून काम करत.

हा आराखडा करताना आपण स्वतः आजारी होतो आणि काही दिवस अंथरुणावर पडून काढावे लागले, असे आल्टो पुढे सांगत असे. त्या दिवसांत त्याच्या लक्षात आले की नेहमीची खोली ही उभ्या माणसासाठी केलेली असते. उभा माणूस समोर पाहतो, चालतो, खिडकी उघडतो, दिवा मालवतो. आडवा पडलेला माणूस यातले काहीच करू शकत नाही. त्याच्या डोळ्यांपुढे दिवसभर छत असते. छताचा पांढरा रंग त्याच्या डोळ्यांवर येतो आणि छताला टांगलेला दिवा थेट डोळ्यांत घुसतो. मग त्याने ठरवले की ही इमारत आडव्या माणसासाठी आखायची. क्षयाच्या रुग्णाला महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे, पडूनच राहायचे असे. खाट हीच त्याची जागा. म्हणून आराखड्याची सुरुवात खाटेपासून.

जंगलाला कामाला लावले

बांधकाम 1930 मध्ये सुरू झाले आणि 1933 मध्ये सॅनेटोरियम उघडले. सुमारे तीनशे रुग्णांची सोय होती. नकाशा पाहिला तर प्रथम गोंधळल्यासारखे होते, कारण इमारतीचे भाग एकमेकांना काटकोनात नाहीत. रुग्णांच्या खोल्यांचा लांब भाग एका दिशेला, भोजनगृह आणि सामायिक खोल्या दुसऱ्या दिशेला, स्वयंपाकघर, धुलाई आणि बॉयलर आणखी वेगळ्या दिशेला. हाताची बोटे पसरावीत तसे हे भाग जंगलात पसरले आहेत. सरळ रेषा मारणे सोपे असताना असे का केले?

उत्तर उन्हात आहे. पाइमियो इतक्या उत्तरेला आहे की डिसेंबरमध्ये दिवस सहा तासांहून कमी असतो. तिथे सूर्य ही जपून वापरायची वस्तू. रुग्णांच्या खोल्यांना सकाळचे ऊन लागते, म्हणून तो भाग दक्षिण-आग्नेयेकडे तोंड करून उभा आहे. दिवसा रुग्णांना उघड्यावर झोपवायचे तर दुपारचे ऊन हवे, म्हणून सज्जांचा भाग थोडा वळवून थेट दक्षिणेकडे केला आहे. स्वयंपाकघराला आणि बॉयलरला उन्हाची गरज नाही, म्हणून ते मागे. प्रत्येक भागाला त्याच्या कामापुरती जी दिशा हवी, ती त्याला मिळाली. दिशा ठरवली ती सूर्याने, रस्त्याने किंवा दर्शनी शोभेने नव्हे.

रुग्णांचा भाग उंच आणि अरुंद आहे. एका बाजूला खोल्या आणि मागच्या बाजूला मार्गिका, बस एवढीच रुंदी. एकाही रुग्णाची खोली मागच्या अंधारात पडत नाही. सज्जांची रचना तर आम्हा आरसीसीचे काम करणाऱ्यांनी मुद्दाम पाहावी अशी आहे. मागे काँक्रीटचा एक उंच आधार, वर निमुळता होत गेलेला, आणि त्यातून प्रत्येक मजल्याचा सज्जा कॅन्टिलिव्हर पद्धतीने पुढे आलेला. पुढे एकही खांब नाही. झाडाच्या खोडातून फांद्या निघाव्यात तसे हे दिसते. पण ते झाडाचे चित्र काढायचे म्हणून केलेले नाही. पुढे खांब आला असता तर त्याची सावली कुणा ना कुणा रुग्णाच्या अंगावर पडली असती, आणि जंगलाकडे लागलेल्या नजरेच्या आड तो आला असता.

या सज्जांवर खाटांची रांग लागे. कडाक्याच्या थंडीतही रुग्णांना उबदार पिशव्यांत गुंडाळून तिथे निजवत. समोर पाइनच्या झाडांचे शेंडे आणि त्यावर आकाश. सर्वांत वर गच्ची होती. ज्यांना चालायला परवानगी होती, त्यांच्यासाठी खाली जंगलात वळणावळणाच्या पायवाटा आखल्या होत्या. कुणाला किती चालायचे ते डॉक्टर ठरवत. डॉक्टरांची आणि कर्मचाऱ्यांची घरे थोडी दूर, झाडांआड. एवढे मोठे बांधकाम झाले, पण सभोवतीचे जंगल जंगलच राहिले, कारण ते जंगल उपचाराचा भाग होते. ते तोडणे म्हणजे औषध ओतून देण्यासारखे झाले असते.

दोन खाटांची खोली

आता खोलीत जाऊ. एका खोलीत दोन रुग्ण. छताला शांत, गडद हिरवट रंग, कारण पडलेल्या माणसाचे डोळे तिथेच लागलेले असतात. दिवा अशा जागी की पडलेल्या माणसाच्या डोळ्यांत तो येत नाही. खोली उबदार ठेवणारी यंत्रणा छतात बसवलेली, आणि तिची ऊब पायांकडे जास्त पोचेल, डोक्याकडे कमी, अशी मांडणी. खिडक्या दुहेरी. बाहेरची थंड हवा त्या दोन काचांच्या मधून तिरकी फिरून आत येते. हवा ताजी मिळते, पण वाऱ्याचा झोत रुग्णाच्या अंगावर येत नाही.

दोघा रुग्णांना स्वतंत्र वॉशबेसिन होते. ते वॉशबेसिन आल्टोने मुद्दाम घडवून घेतले. नळाचे पाणी भांड्यावर अशा कोनात पडते की आवाज जवळजवळ होत नाही. शेजारचा रुग्ण रात्री उठून हात धुऊ लागला तरी दुसऱ्याची झोप मोडू नये, एवढाच त्यामागचा हेतू. दारांच्या मुठी अशा वळवलेल्या की डॉक्टरांच्या ढगळ कोटाच्या बाह्या त्यात अडकू नयेत. कपाटे भिंतीला टांगलेली, म्हणजे खालची फरशी पुसता येते. जिन्यांना आणि मार्गिकांना झळझळीत पिवळा रंग होता. बाहेर दिवसदिवस अंधार असताना आत ऊन असल्यासारखे वाटावे, म्हणून.

बसायच्या खुर्चीचाही विचार झाला. त्या काळात स्टीलच्या नळ्यांच्या खुर्च्यांची लाट होती. आल्टो दांपत्याला त्या रुग्णासाठी थंड आणि कठोर वाटल्या. त्यांनी बर्च झाडाचे प्लायवूड वाकवून खुर्ची तयार केली. तिच्या पाठीचा कोन असा की मागे रेलून बसणाऱ्याला श्वास घेणे सोपे जावे. 'पाइमियो खुर्ची' म्हणून ती आज जगभर प्रसिद्ध आहे आणि श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत शोभेला ठेवली जाते. मुळात ती क्षयाच्या गरीब रुग्णासाठी केली होती, हे तिथे बसणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे.

मद्रासचा निकाल

इथवरची हकिकत वाचून कुणालाही वाटेल की अशा इमारतीत रुग्ण नक्की बरे होत असणार. पण इतिहास इतका सरळ नसतो.

1943 मध्ये अमेरिकेत सेल्मन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शाट्झ यांना स्ट्रेप्टोमायसिन सापडले. 1952 मध्ये आयसोनियाझिडच्या गोळ्या आल्या. जंतूला मारणारे औषध अखेर हाती आले. तरी डॉक्टर म्हणत होते की औषधाला विश्रांती, आहार, स्वच्छ हवा यांची जोड हवीच, म्हणजे सॅनेटोरियम हवेच. भारतासारख्या देशापुढे मोठा पेच होता. रुग्ण लाखोंनी आणि सॅनेटोरियममधल्या खाटा मूठभर. उरलेल्यांनी काय करायचे?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी 1956 मध्ये मद्रासला एक केंद्र सुरू झाले. भारतीय वैद्यक संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यक संशोधन परिषद यांचा तो एकत्रित उपक्रम होता. शहरातल्या गरीब वस्त्यांमधले सुमारे दोनशे क्षयरुग्ण निवडले गेले. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने त्यांचे दोन गट केले. एका गटाला सॅनेटोरियममध्ये ठेवले, तिथे चांगला आहार, विश्रांती, परिचारिका, मोकळी हवा. दुसऱ्या गटाला तीच औषधे देऊन घरी पाठवले. घर म्हणजे दाटीवाटीची लहान खोली, अपुरे जेवण आणि रोजची धावपळ. एक वर्ष उपचार चालले.

1959 मध्ये निकाल प्रसिद्ध झाला आणि वैद्यकजगत चकित झाले. दोन्ही गटांत बरे होण्याच्या प्रमाणात फारच थोडा फरक होता. घरी राहिलेल्या रुग्णांमुळे कुटुंबातल्या इतरांना जास्त लागण झाली, असेही दिसले नाही. बरे करणारी गोष्ट औषध होती. चांगला आहार आणि डोंगरावरची हवा यांच्यावाचूनही ते काम करत होते. मद्रासच्या झोपडीतल्या गरिबाने नियमाने गोळ्या घेतल्या तर तो सॅनेटोरियममधल्या रुग्णाइतकाच बरा होत होता.

या एका अभ्यासाने जगभरच्या सॅनेटोरियमांचे भवितव्य ठरवायला मोठा हातभार लावला. भारतातल्या गरीब रुग्णाला घरच्या घरी उपचार मिळू लागले, ही आनंदाचीच गोष्ट होती. सॅनेटोरियम एकामागून एक बंद झाली किंवा साधी रुग्णालये झाली. पाइमियोचेही 1960 नंतरच्या दशकात सर्वसाधारण रुग्णालय झाले. ज्या सज्जांसाठी एवढी दिशा साधली होती, ते बंद करून आत खोल्या काढण्यात आल्या. उघड्यावर झोपायची गरजच उरली नव्हती.

मग उरले काय?

इथे एखादा म्हणेल, झाले तर मग. गोळीने काम होते, इमारतीचे कौतुक कशाला? कमी खर्चात चार भिंती बांधा आणि मोकळे व्हा. आमच्या क्षेत्रात हा विचार सर्रास चालतो. पण पुढच्या काळातल्या दोन अभ्यासांनी याचे उत्तर दिले आहे.

पहिला अभ्यास रॉजर उलरिच यांचा, 1984 चा. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या जुन्या नोंदी त्यांनी तपासल्या. काही खोल्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, काहींच्या खिडकीतून विटांची भिंत. वय, प्रकृती वगैरे जुळणाऱ्या रुग्णांच्या 23 जोड्या लावून तुलना केली. झाडे दिसणाऱ्या खोलीतले रुग्ण लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामक औषधे कमी लागली. औषध तेच, शस्त्रक्रिया तीच, फरक फक्त खिडकीबाहेर होता.

दुसरा अभ्यास 2007 चा, दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाची राजधानी लिमा इथला. तिथल्या आठ रुग्णालयांच्या खोल्यांत हवा किती वेगाने बदलते ते मोजले गेले. उंच छते आणि मोठ्या खिडक्या असलेल्या जुन्या वॉर्डांत हवा सर्वांत चांगली खेळत होती आणि नव्या, बुटक्या, लहान खिडक्यांच्या खोल्यांपेक्षा तिथे क्षयाची लागण होण्याचा धोका कमी होता. म्हणजे मोठी खिडकी क्षय बरा करत नाही हे मद्रासने दाखवले, पण शेजारच्या माणसाला, परिचारिकेला, भेटायला आलेल्या आईला क्षय होण्यापासून ती वाचवू शकते, हे लिमाने दाखवले. जगातल्या क्षयरुग्णांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा आजही आपल्या देशात आहे. त्यामुळे ही गोष्ट आपल्याला दूरची नाही.

तेव्हा पाइमियोचे मोठेपण सज्जांमध्ये नव्हते, असे मला वाटते. सज्जे गेले तरी हिरवे छत, बिनआवाजाचे वॉशबेसिन, डोळ्यांत न येणारा दिवा यांचे महत्त्व तसूभरही कमी झाले नाही. कारण ते क्षयासाठी नव्हते, ते पडून राहिलेल्या माणसासाठी होते. रोग बदलतात, औषधे बदलतात, पण आजारी माणसाला पडून राहावे लागते हे काही बदलत नाही.

आपल्या जमिनीवर

पाइमियोची नक्कल आपल्याकडे करायची असे मी म्हणणार नाही. फिनलंडमध्ये सूर्याला आत बोलवावे लागते, दख्खनमध्ये त्याला बाहेर थोपवावे लागते. पाइमियोचा दक्षिणमुखी उघडा सज्जा एप्रिल-मेमध्ये हैदराबादला आणून ठेवला तर रुग्ण भाजून निघेल. आपल्याला खोल सावलीची ओसरी हवी, पश्चिमेकडे जाड भिंत हवी, वरच्या बाजूला गरम हवा बाहेर जायला झरोके हवेत आणि पावसाळी वाऱ्याला वाट हवी. आपल्या जुन्या वाड्यांत आणि निजामकालीन दवाखान्यांच्या उंच छतांत, रुंद व्हरांड्यांत हे शहाणपण होतेच. उस्मानिया दवाखान्याचे जुने वॉर्ड ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल.

अडचण वेगळीच आहे. सरकारी दवाखान्याच्या इमारतीसाठी बहुधा ठरलेला टाइप प्लॅन असतो. एकच नकाशा डोंगरावर, माळावर, तळ्याकाठी, सगळीकडे. त्याचेही कारण आहे, ते नाकारून चालणार नाही. एस्टिमेट लवकर होते, मंजुरी लवकर मिळते आणि गावाला दवाखाना लवकर मिळतो. पण साइटवर उभे राहिले की दिसते, प्रवेशद्वार रस्त्याकडे हवे म्हणून इमारत फिरवली जाते आणि सगळा वॉर्ड पश्चिमेच्या उन्हात जातो. कुंपणाच्या आतला एकुलता एक कडुनिंब नकाशात बसत नाही म्हणून जातो. छताला ट्यूबलाइट लागते ती नेमकी खाटेच्या वर, कारण विजेचा नकाशा उभ्या माणसाने केलेला असतो. यातल्या एकाही गोष्टीला जादा पैसे लागत नाहीत. इमारत वीस अंश फिरवायला पैसे पडत नाहीत. झाड ठेवले तर तोडण्याचा खर्च वाचतो. दिवा दोन फूट बाजूला सरकवायला वायर थोडीशी जास्त लागेल, एवढेच.

आपल्या समाजातले पुष्कळ जण आज अशा जागी आहेत जिथे त्यांच्या शब्दाला किंमत आहे. कुणी ट्रस्टच्या रुग्णालयाचे विश्वस्त आहेत, कुणी वृद्धाश्रमाच्या समितीवर, कुणी कंत्राटदार, कुणी डॉक्टर. मंडळातर्फे आरोग्य शिबिरे होतात, देणग्या गोळा होतात, एखाद्या वॉर्डाच्या दुरुस्तीला हातभार लागतो. त्या वेळी दर्शनी कमानीची आणि देणगीदारांच्या संगमरवरी पाटीची चर्चा पुष्कळ होते. तीही होऊ द्या. पण नकाशावर सही करण्यापूर्वी जागेवर एकदा सकाळी आणि एकदा दुपारी जाऊन यावे. ऊन कुठून येते, वारा कुठून येतो, कोणते झाड आधीपासून उभे आहे, हे कागदावर लिहून घ्यावे. आणि वॉर्ड तयार झाला की फीत कापण्याआधी समितीतल्या प्रत्येकाने तिथल्या खाटेवर पाच मिनिटे पडून पाहावे. वर काय दिसते, दिवा डोळ्यांत येतो का, खिडकीतून आकाशाचा तुकडा दिसतो का, शेजारच्या नळाचा आवाज किती येतो. जे खुपेल ते त्याच दिवशी दुरुस्त करता येते.

आल्टोने शंभर वर्षांपूर्वीच्या गरीब फिनलंडमध्ये हे केले. त्यासाठी त्याला फार मोठे यंत्र लागले नाही. तो आडवा पडला आणि त्याने वर पाहिले.